ती आडवी रेघ कुणी वाचली का?

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
खरेदी समिती, विद्यार्थी उपग्रह प्रकल्प,
इंदूर

स. न. वि. वि.

आपल्या गेल्या बैठकीच्या इतिवृत्तातला मुद्दा क्रमांक सात असा आहे: ‘सर्व सक्रिय घटक मिलिटरी ग्रेड अथवा समकक्ष घ्यावेत. त्यामुळे रेडिएशन चाचणीची तरतूद अनावश्यक ठरते, ती वगळावी.’ (सक्रिय घटक म्हणजे चिपा, ट्रान्झिस्टर वगैरे.) या दोन वाक्यांच्या मध्ये जो ‘त्यामुळे’ बसला आहे, त्याच्यासाठी हे पत्र.

सल्लागार म्हणून मी त्या बैठकीला हजर होते. हरकत तिथेच घेतली होती. इतिवृत्तात ती नाही. माझ्या नावापुढे ‘चर्चेत सहभाग’ एवढंच आहे. नंतर दोन पत्रं दिली. दोन्हींची पोच मिळाली, शिक्क्यासकट. उत्तर नाही. म्हणून हे तिसरं पत्र उघड्यावर लिहिते आहे. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. भांडण संस्थेशी नाही, आणि रात्र रात्र सोल्डरिंग करणाऱ्या पोरांशी तर मुळीच नाही.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, ते आधी सांगते. गेल्या गणेशोत्सवात रामबागेपासून सुदामानगरापर्यंत पावतीपुस्तक घेऊन मी दारोदार फिरले. दोनशे बारा पावत्या माझ्या हातच्या आहेत. आमच्या भिशीतल्या बायकांनी एका महिन्याची भिशी कुणीच न उचलता प्रकल्पाला दिली. एका निवृत्त पोस्टमन आजोबांनी पाचशे एक रुपये मोजून ठेवले आणि विचारलं, “वर गेल्यावर आपल्या गच्चीवरून दिसेल का हो तो?” मी म्हटलं, “दिसायचा नाही, पण पोरं रेडिओवर त्याची हाक ऐकवतील तुम्हाला. तीन वर्षं.” हे ‘तीन वर्षं’ मी मनचं सांगितलं नव्हतं. ५५० किलोमीटरवरची ध्रुवीय कक्षा, तीन वर्षांचं आयुष्य, माळव्यातल्या तलावांचे फोटो, हे सगळं आपल्याच पत्रकात छापलेलं होतं. पण आजोबांना ते पत्रकानं नाही सांगितलं, मी सांगितलं.

दुसरा संबंध पोटापाण्याचा. महूच्या एका कार्यशाळेत मी एकतीस वर्षं आवक तपासणीच्या टेबलावर काढली. बाहेरून आलेला प्रत्येक सुटा भाग आधी माझ्या भिंगाखालून जायचा, मग पुढे. त्यामुळे मिलिटरी ग्रेड म्हणजे काय, हे मला पाठ आहे, आणि त्या दर्जाला नावं ठेवायला मी बसलेली नाही. उणे ५५ पासून अधिक १२५ अंश सेल्सिअसपर्यंत चिपनं नीट काम केलंच पाहिजे. १२५ अंशांच्या भट्टीत, वीज चालू ठेवून, १६० तास ती शेकली जाते. ज्यांना लवकर मरायचं आहे त्यांनी इथेच मरावं, असा त्यामागचा हिशेब. मग गार-गरम, गार-गरम असे फेरे. मग धक्के, थरथराट. मग सीलबंद आहे की नाही ते बघायला गरम द्रवात बुडवायची आणि डोळे लावून बसायचं. एक बारीकसा बुडबुडा वर आला की चिप बाद. मी असे बुडबुडे हजारांनी पाहिलेत. पहिला बुडबुडा दिसतो तेव्हा पोटात होतं ते अजूनही होतं.

या सगळ्या यादीत रेडिएशन कुठे आलं? आलंच नाही. मिल-एसटीडी-८८३ या अमेरिकी लष्करी मानकात त्याची पद्धत आहे जरूर, १०१९ क्रमांकाची. पण ती प्रत्येक लष्करी चिपला लागू नसते. ज्या चिपची रेडिएशनची हमी द्यायची असेल तिलाच ती लागते, आणि तशी हमी असली तर ती चिपवर लिहिलेली असते. एका अक्षरात.

ते अक्षर कुठे असतं तेही सांगते, कारण बैठकीत कुणी पाहिलं नाही. पुरवठादारानं पाठवलेला नमुन्याचा ट्रे तेव्हा टेबलावरच होता. मनगटाला अर्थिंगचा पट्टा लावून मी त्यातली मेमरीची एक चिप उचलली. पांढरट सिरॅमिकचं अंग, वर सोनेरी झाकण, झाकणावर काळ्या शाईत नंबर. सुरुवात ५९६२ पासून. अमेरिकी लष्करी रेखाचित्राप्रमाणे बनलेल्या सगळ्याच चिपांची सुरुवात तिथून होते. खरी गोष्ट त्याच्या पुढच्या एका जागेत असते. तिथे ‘आर’ असेल तर १०० किलोरॅडपर्यंतची हमी (रॅड हे शोषलेल्या रेडिएशनचं माप, किलोरॅड म्हणजे हजार रॅड). ‘पी’ असेल तर ३०, ‘डी’ असेल तर १०, ‘एम’ असेल तर ३. आणि तिथे नुसती आडवी रेघ असेल तर हमी शून्य. शून्य याचा अर्थ चिप वाईट असा नाही, त्या बाबतीत तिला कुणी काही विचारलेलंच नाही असा आहे.

आपल्या ट्रेमधल्या चिपवर आडवी रेघ होती. शेवटून तिसरं अक्षर ‘क्यू’, म्हणजे लष्करी वर्ग. (तिथे ‘व्ही’ असता तर अंतराळ वर्ग झाला असता, पण गंमत अशी की ‘व्ही’च्या जोडीलाही ती आडवी रेघ असू शकते. म्हणजे ‘स्पेस ग्रेड’ हा शब्दसुद्धा रेडिएशनबद्दल गप्प राहू शकतो.) मी भिंग पुढे केलं. समितीतले एक सर म्हणाले, “काकू, अहो, रणांगणावर चालतं ते आकाशात नाही चालणार?” सगळे हसले, मीही हसले. चहा आला. मुद्दा सात मंजूर झाला.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा द्यायचं राहिलं, ते आता देते. रणांगणावर चिपेचे शत्रू धूळ, दमट हवा, उष्णता आणि धक्के. आपल्या उपग्रहाच्या पोटात धूळ नाही, पाणी नाही, आणि तापमानही उणे ५५ ते १२५ असं कधी जाणार नाही. पोरांच्या हिशेबाप्रमाणे उणे १५ ते ५० च्या आतबाहेर. धक्का एकदाच, प्रक्षेपणाचा. पुढची तीन वर्षं शत्रू वेगळाच असतो, आणि तो दोन तऱ्हांनी येतो.

पहिली तऱ्हा भिंतीत ओल झिरपावी तशी. पृथ्वीभोवतीच्या रेडिएशनच्या पट्ट्यांमध्ये अडकलेले इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन रोज थोडेथोडे चिपेत शिरतात, ट्रान्झिस्टरच्या ऑक्साइडच्या थरात भार साठत जातो, गळती वाढते, एक दिवस ट्रान्झिस्टर बंद करूनही बंद होत नाही. ५५० किलोमीटरवरच्या ध्रुवीय कक्षेत दोन-तीन मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या आड हा डोस वर्षाला साधारण एक-दोन किलोरॅड पडतो. तीन वर्षांचे पाच धरा, दुप्पट सावधगिरी ठेवा, दहा किलोरॅड झाले. दहा हा काही भयंकर आकडा नाही. पुष्कळ साध्या बाजारी चिपा तो सहज पचवतात. काही तीनलाच मान टाकतात. कुठली कुठल्यातली, हे सिरॅमिकच्या अंगावरून कळत नाही.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. १९९८ साली एका बाहेरच्या कामासाठी आलेल्या बोर्डावर मी स्वतः ‘अवकाशयोग्य’ असा शेरा मारून सही केली होती, आधार एकच, सगळे भाग मिल-ग्रेड. कुणीतरी शहाण्या माणसानं तो बोर्ड तरीही गॅमा चेंबरमध्ये घातला. आठ किलोरॅडला त्यातल्या ऑप-अँपचा (बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या चिपेचा) इनपुट करंट इतका वाढला होता की मीटरची रेंज बदलावी लागली. तो अहवाल त्यांनी माझ्याकडे पाठवला, रागावून नाही, नुसता पाठवला. माझी सही असलेला कागद त्याला टाचलेला होता. मुद्दा सातखाली आपल्या सह्या बघितल्या तेव्हा मला तो टाचणीचा कागद आठवला. बस.

आणि त्या ऑप-अँपच्या जातीची आणखी एक खोड असते, बायपोलर ट्रान्झिस्टरांच्या घराण्याची: डोस भरभर दिला तर ते बरेच तग धरतात, सावकाश दिला तर लवकर बिघडतात. अंतराळात डोस सावकाशच मिळतो. हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ध्यानात आलं आणि तेव्हापासून अशा भागांची चाचणी मुद्दाम मंद गतीनं, सेकंदाला दहा मिलिरॅड किंवा त्याहून कमी, अशी करायची पद्धत पडली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी तऱ्हा ओलीसारखी नाही, ती गोफणीच्या धोंड्यासारखी आहे. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून सुटलेला एखादा जड आयन चिपेतून आरपार जातो. मेमरीत शून्य होता तिथे एक होतो. हे पृथ्वीवरही क्वचित घडतं. १८ मे २००३ रोजी बेल्जियममधल्या शारबेक इथल्या मतदानात एका उमेदवाराला शक्य होती त्यापेक्षा बरोबर ४०९६ मतं जास्त मिळालेली दिसली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे एकच बिट पलटलेला. वैश्विक किरणांचा पुरावा कुणी पकडून दाखवला नाही, पण सॉफ्टवेअरमध्ये चूकही सापडली नाही. जमिनीवर आपल्या डोक्यावर सगळ्या वातावरणाची रजई असते तरी ही गत.

बिट पलटला तर पलटवून घेता येतो. त्याला उपाय आहेत आणि आपल्या पोरांना ते येतात. खरा घात लॅच-अपचा. सीमॉस चिपेच्या (आजच्या बहुतेक चिपा याच पद्धतीच्या) पोटात, कुणी न मागता, ट्रान्झिस्टरांची एक चोर-जोडी तयार झालेली असते. एरवी ती झोपलेली असते. जड आयन गेला की जागी होते, दोघं एकमेकांना चालू धरून ठेवतात, आणि पुरवठ्यापासून ग्राउंडपर्यंत करंटला सरळ वाट मोकळी होते. घराची कडी आतून आपोआप लागावी तसं. वीज तोडल्याखेरीज ती निघत नाही. चटकन तोडली तर चिप वाचली, नाहीतर आतलं काहीतरी वितळतं आणि उपग्रह तिथल्या तिथे धोंडा होतो.

यावर आपल्याकडून आलेला तोडगा होता जाड डबा. ‘ॲल्युमिनियम दोनाचं चार मिलिमीटर करू.’ इलेक्ट्रॉनांसाठी ठीक, डोस कमी होईल. पण जड आयनाला चार काय आणि चाळीस काय. तो डब्यातून आरपार येतो. वजन मात्र वाढतं, आणि वजनाचे पैसे वेगळे.

आता ज्या गोष्टीमुळे मला झोप लागली नाही ती. ९ नोव्हेंबर २०११ रोजी रशियाचं फोबोस-ग्रुंट हे यान मंगळाच्या चंद्राकडे निघालं. तेरा टनांहून जड. पृथ्वीच्या कक्षेत पोचलं, आणि पुढे जायला इंजिन पेटायचं ते पेटलंच नाही. १५ जानेवारी २०१२ ला ते खाली पडलं. चौकशी आयोगानं निष्कर्ष काढला की मुख्य संगणकाच्या दोन्ही वाहिन्या एकाच वेळी रीस्टार्ट झाल्या, आणि त्याचं बहुधा कारण म्हणजे मेमरी चिपांवर जड भारित कणांचा मारा. इतक्या थोड्या वेळात, इतक्या खालच्या कक्षेत असं व्हावं का, यावर तज्ज्ञांनी शंका घेतल्या, त्या रास्त आहेत. पण ज्या मेमरी चिपवर बोट ठेवलं गेलं ती कुठल्या दर्जाची होती? मिलिटरी ग्रेडची. विमानात चालणारी. लॅच-अपला कच्ची, हे तपासणाऱ्यांना आधीच माहीत असलेली, आणि अंतराळासाठी न पारखलेली. आपल्या ट्रेमधली चिपही मेमरीचीच आहे. ती तीच आहे असं मी म्हणत नाही. आपण तिला तो प्रश्न विचारलेला नाही, एवढंच म्हणते.

बैठकीत माझ्याविरुद्ध दोन दाखले आले. दोन्ही खरे आहेत, म्हणून त्यांना उत्तर देणं भाग आहे.

पहिला: ‘आपल्या इस्रोचा विक्रम ३२०१ प्रोसेसरही लष्करी तापमान-श्रेणीचाच आहे की.’ आहे. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर बनला, मार्च २०२५ मध्ये इस्रोच्या हाती आला, आणि मला त्याचा भारी अभिमान आहे. पण तो बनवला कशासाठी? प्रक्षेपकांसाठी. पीएसएलव्हीचं काम विसेक मिनिटांत आटोपतं. विसेक मिनिटं थरथराट आणि उष्णता हाच खरा शत्रू असतो, डोस साठायला वेळच नसतो. ज्यांनी तो निवडला त्यांनी ‘किती वेळ आणि कुठे’ हा प्रश्न आधी विचारला. आपला उपग्रह तीन वर्षं वर राहायचा आहे.

दुसरा: ‘मंगळावर इंजेन्युइटी हेलिकॉप्टर मोबाइलच्या प्रोसेसरवर उडालं.’ उडालं, आणि काय उडालं! पाच उड्डाणं ठरली होती, बहात्तर केली, शेवटचं १८ जानेवारी २०२४ ला. पण ते प्रयोग म्हणून पाठवलेलं होतं. उद्या बंद पडलं तरी मुख्य मोहीम अडणार नव्हती. शिवाय त्या मोबाइल प्रोसेसरवर नजर ठेवायला वेगळी चिप होती, गडबड झाली तर बिघडलेला भाग बंद करून पुन्हा चालू करणारी. आणि ही नजर ठेवणारी चिप, गंमत पाहा, मिलिटरी ग्रेडची होती. मात्र ती निवडताना त्यांनी पाहिलं होतं की हिचं सिलिकॉन त्याच कंपनीच्या रेडिएशन-टॉलरंट, म्हणजे रेडिएशन बऱ्यापैकी सोसणाऱ्या, चिपेचंच आहे. हाच तो फरक. त्यांनी मिल-ग्रेड घेतलं ते झाकणाच्या आत काय आहे ते विचारून. आपण झाकण बघून घेतलं.

आता पैशांचं. सगळंच रॅड-हार्ड, म्हणजे रेडिएशन सोसायलाच मुद्दाम बनवलेलं, घ्या, असं म्हणणारी वेडी मी नाही. ते भाग कित्येक पट महाग असतात, ऑर्डर दिल्यावर महिनोन्महिने येत नाहीत, आणि अमेरिकेतून आणायचे तर निर्यात परवान्याचे कागद भरता भरता या पोरांची पदवी होऊन जाईल. ही अडचण मला ठाऊक आहे. पण आपण ज्याला काटकसर समजतो आहोत ती काटकसर नाही. दरपत्रकात त्या मेमरी चिपेला नगाला अठरा हजार रुपये लावलेत. तीच चिप प्लॅस्टिकच्या अंगात हजाराच्या आत मिळते. बहुतेक वेळा आतलं सिलिकॉन एकच असतं. जास्तीचे पैसे सिरॅमिकचे, भट्टीचे आणि बुडबुड्यांचे. म्हणजे ज्या हमीची गरज नाही तिला सतरा हजार मोजायचे आणि जिची गरज आहे ती चाचणी ‘अनावश्यक’ म्हणून खोडायची. घरात कुणी असा किराणा आणला असता तर त्याला परत दुकानात पाठवलं असतं.

‘समकक्ष’ या शब्दाबद्दलही लिहायला हवं. हा शब्द कागदावर असला की दलाल खूश. २०१२ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीनं लष्करी पुरवठ्यातल्या बनावट भागांचा शोध घेतला तेव्हा दोनच वर्षांच्या काळातली सुमारे १,८०० प्रकरणं आणि दहा लाखांहून जास्त संशयित भाग निघाले. जुन्या, उखडलेल्या चिपा घासायच्या, वर नवा काळा थर द्यायचा, नवा नंबर छापायचा. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवला की कधी कधी बोटाला काळं लागतं. हे मी केलेलं आहे आणि लागलेलं आहे. जिथे इतका काटेकोर कारभार आहे तिथे ही कथा, तर ‘समकक्ष’ लिहून आपण कुणाला दार उघडं ठेवतो आहोत?

वेळ नाही, हे आपलं शेवटचं कारण. मघाचा आकडा काढा. सेकंदाला दहा मिलिरॅड या मंद गतीनं दहा किलोरॅड द्यायला दहा लाख सेकंद लागतात. दहा लाख सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस. गेल्या तिमाहीतली बैठक दोनदा पुढे ढकलली गेली, तेव्हा यापेक्षा जास्त दिवस गेले.

आणि जागा? आपण इंदूरमध्ये बसलो आहोत. सुखनिवासच्या बाजूला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, जिथे इंडस-२ मध्ये अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन फिरतात. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि दिल्लीला जड आयनांचे पेलेट्रॉन त्वरक आहेत. कोबाल्ट-६० चे गॅमा चेंबर देशात कितीतरी ठिकाणी आहेत. ते आपली चिप घेतील की नाही, कधी घेतील, हे विचारल्याशिवाय कळायचं नाही. समितीनं एकाही ठिकाणी एक ई-मेलसुद्धा पाठवलेली नाही. हे मी विचारून खात्री करून लिहिते आहे. पोरांपैकी एकानं स्वतःच्या नावानं मसुदा तयार केला होता. त्याला सांगण्यात आलं, “आधी सेमिस्टर काढ.” तो मसुदा मी वाचला आहे. माझ्या पहिल्या दहा वर्षांतल्या कुठल्याही अहवालापेक्षा तो बरा आहे.

चाचणीसाठी ठेवलेली रक्कम कुठे गेली तेही इतिवृत्तातच आहे, मुद्दा क्रमांक अकरा: प्रक्षेपणाच्या दिवशी मोठा पडदा, मंडप, पाहुण्यांचा अल्पोपाहार. पोहे-जिलबीला इंदूरमध्ये कोण नाही म्हणेल, मीही येईन खायला. पण पडदा एक दिवसाचा आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

मुद्दा सात मागे घ्या आणि ‘मिलिटरी ग्रेड अथवा समकक्ष’ या शब्दांऐवजी प्रत्येक भागापुढे तीन गोष्टी लिहा: त्याला किती डोस सोसायचा आहे, त्याला लॅच-अप होतो का, आणि तो मेला तर उपग्रह मरतो का. ही यादी पोरंच करतील, दोन दिवसांत.

ज्या जागी भाग मेला की सगळं संपतं, तिथेच रॅड-हार्ड किंवा रेडिएशन-टॉलरंट घ्या. माझ्या मते अशा जागा तीन-चार आहेत: बॅटरीचा पुरवठा तोडणारा-जोडणारा स्विच, रीसेट देणारा राखणदार आणि कमांड ऐकणारा रिसीव्हर. बाकी सगळीकडे बाजारी चिपा चालतील, पण प्रत्येकीच्या पुरवठ्यात करंट वाढला की वीज तोडणारं सर्किट हवं आणि मेमरीला चुका सुधारणारा कोड हवा. पॉवर मॉसफेट (मोठा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) साडेसात व्होल्टच्या बॅटरीवर शंभर व्होल्टचा वापरा, म्हणजे जड आयनाच्या तडाख्यालाही वाव राहील. त्याला काही फार पैसे पडत नाहीत.

एकाच लॉटचे, एकाच डेट कोडचे (म्हणजे एकाच खेपेत, एकाच वेळी बनलेले) भाग घ्या, आणि त्यातलेच सहा नग चाचणीला: पाच नग डोसखाली, वीज चालू ठेवून, आणि एक नग तुलनेसाठी बाजूला. लॉट बदलला की चाचणी पुन्हा. इथे कुणी म्हणेल, रॅड-हार्ड भागांना तरी चाचणी कशाला. मे २०२४ मध्ये नासाच्या युरोपा क्लिपर यानात आधीच बसवलेले ट्रान्झिस्टर सांगितल्यापेक्षा कमी डोसला बिघडतात असं उघडकीस आलं. रेडिएशन सोसतील म्हणूनच घेतलेले होते ते. उन्हाळाभर चाचण्या करून, हिशेब पुन्हा मांडून, सप्टेंबरात परवानगी मिळाली आणि १४ ऑक्टोबरला यान निघालं. त्यांच्याकडे पैसा होता, माणसं होती, तरी चाचणीवाचून सुटका नव्हती.

मुद्दा अकराची रक्कम चाचणीकडे परत वळवा.

माझी हरकत इतिवृत्तात जशीच्या तशी नोंदवा. आणि तो मसुदा लिहिणाऱ्या मुलाला पुढच्या बैठकीला बोलवा, चहा द्यायला नाही, बोलायला.

आपण सगळं ऐकूनही ‘नाही’ म्हणू शकता. तो आपला अधिकार आहे. मग एवढं करा: पत्रकातलं ‘तीन वर्षं’ खोडा आणि तिथे ‘चालेल तितके दिवस’ असं छापा. प्रयोग म्हणून पाठवायलाही माझी ना नाही; पण मग वर्गणी देणाऱ्यांना तो प्रयोग आहे हे कळायला हवं.

पुढची बैठक दहा तारखेला आहे असं कळतं. मी भिंग घेऊन येईन. नमुन्याचा ट्रे टेबलावर ठेवावा. त्या दिवशीही काही ठरलं नाही, तर अकरा तारखेपासून पावतीपुस्तकाची स्थळप्रत घेऊन मी पुन्हा निघेन, त्याच दोनशे बारा दारांवर, मागे काय सांगितलं होतं आणि आता काय खरं आहे ते सांगायला. पोस्टमन आजोबांचं घर पहिलं आहे.

आपली,
एक वर्गणीदार, आणि अजून तरी सल्लागार
इंदूर